वाचकांचे प्रश्न : जुन्या कंपनीची महागडी विजेवरची गाडी खपेल का?

प्रश्न : एका जुन्या, नामांकित मोटार कंपनीने आपली सर्वांत महागडी इलेक्ट्रिक गाडी बाजारात आणली आहे. परीक्षणे चांगली आहेत, पल्लाही भरपूर आहे. तरीही अशा गाड्या अपेक्षेइतक्या खपत नाहीत, असे वारंवार वाचनात येते. नाव, पैसा आणि विक्रेत्यांचे जाळे पाठीशी असताना असे का व्हावे? गाडी चालेल की नाही, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला कशावरून बांधता येईल?

उत्तर : नावाच्या आणि जाळ्याच्या जोरावर गिऱ्हाईक शोरूमपर्यंत येते. पण तिथे त्याच कंपनीची पेट्रोलवर चालणारी आलिशान गाडी शेजारीच उभी असते आणि नव्या गाडीची पहिली स्पर्धा तिच्याशीच होते. इतकी किंमत मोजणारा माणूस इंधनाची बचत हे खरेदीचे मुख्य कारण मानत नाही. त्याला गाडीत ऐसपैसपणा हवा असतो, रुबाब हवा असतो आणि काही वर्षांनी विकताना फार फटका बसू नये, अशीही त्याची अपेक्षा असते. विजेची गाडी यांपैकी एकाही बाबतीत पेट्रोलच्या गाडीपेक्षा उणी पडली, तर उत्तम परीक्षणांचा तिला फारसा उपयोग होत नाही.

जनरल मोटर्सची कॅडिलॅक ईएलआर हे याचे जुने, पण बोलके उदाहरण आहे. २०१४ च्या मॉडेल वर्षात आलेली ही गाडी काही अंतर बॅटरीवर आणि पुढे पेट्रोल इंजिनाच्या मदतीने चालत असे. दिसायला ती अतिशय देखणी होती आणि तिची किंमत सुमारे ७६ हजार डॉलर ठेवण्यात आली होती. परंतु तिच्या आतली यंत्रणा मुळात शेव्हरोले व्होल्टची होती आणि व्होल्ट त्या वेळी जवळपास निम्म्या किमतीत मिळत होती. शिवाय २०१२ पासून बाजारात असलेली, संपूर्णपणे विजेवर चालणारी टेस्ला मॉडेल एस साधारण त्याच पैशांत घेता येत होती. पुढे कंपनीने किंमत १० हजार डॉलरांनी उतरवली, तरी अमेरिकेतील एकूण विक्री ३ हजारांच्या आतच राहिली आणि २०१६ मध्ये उत्पादन थांबले. स्वस्त गाडीला महागडा पोशाख चढवल्याचे गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येते.

मर्सिडीजच्या ईक्यूएसचे दुखणे वेगळे आहे. २०२१ मध्ये आलेली ही गाडी कोणाच्या सांगाड्यावर उभारलेली नव्हती. ती इलेक्ट्रिक म्हणूनच मुळापासून रचलेली होती. हवेचा विरोध कमीत कमी व्हावा म्हणून तिला एका सलग कमानीचा आकार दिला गेला आणि तिचा ड्रॅग गुणांक, म्हणजे हवेच्या विरोधाचे माप, ०.२० इतका खाली आला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे मोठेच यश आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र या आकारामुळे लांब बोनेट आणि उभी जाळी ही मर्सिडीजच्या मोठ्या गाडीची ओळखच नाहीशी झाली. मालकाला तर बोनेट उघडताही येत नाही; काच धुण्याचे पाणी भरण्यासाठी पुढच्या चाकाच्या वर, बाजूच्या पत्र्यात एक लहानशी झडप दिलेली आहे. २०२४ च्या सुधारित गाडीत कंपनीने बोनेटवर उभा तारा आणि जुन्या वळणाची जाळी पुन्हा बसवली. गिऱ्हाइकाला काय खटकत होते, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते. बीएमडब्ल्यूने आय-७ साठी सेव्हन सीरिज या आपल्या नेहमीच्या आलिशान गाडीचेच अंग वापरले आणि पेट्रोल की वीज, ही निवड गिऱ्हाइकावर सोपवली. तांत्रिक दृष्ट्या ही तडजोड असली, तरी विक्रीच्या दृष्टीने मला ती अधिक शहाणपणाची वाटते.

आता पोर्शे टायकानकडे पाहा. चालवण्याचा आनंद ही पोर्शेची खूण या गाडीने जपली, ८०० व्होल्टच्या यंत्रणेमुळे ती झटपट चार्ज होऊ लागली आणि २०२१ मध्ये ४१,२९६ टायकान गाड्या ग्राहकांना देण्यात आल्या. त्या वर्षीचा हा आकडा ९११ या पोर्शेच्या प्रसिद्ध पेट्रोल गाडीपेक्षाही मोठा होता. मग २०२४ मध्ये तो २०,८३६ वर का आला? सुधारित मॉडेल येत असल्याने जुन्या गाडीचा पुरवठा आटला होता, हे खरे आहे. चीनमध्ये स्थानिक कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्यांनी बाजार व्यापल्यामुळे तिथली पोर्शेची एकूण विक्रीही खूप घसरली होती. तरीही मला सर्वांत महत्त्वाचे कारण वाटते ते वापरलेली गाडी पुन्हा विकताना मिळणाऱ्या किमतीचे.

महागड्या गाड्यांचा मोठा हिस्सा अनेक देशांत भाडेकरारावर, म्हणजे लीजवर जातो; त्यात मुदतीत गाडीची जेवढी किंमत घटेल, तेवढी ग्राहक हप्त्यांनी भरतो. १ लाख डॉलरांची गाडी तीन वर्षांनी ६० हजारांची राहील असे गृहीत धरले, तर व्याज सोडून दरमहा सुमारे १,१०० डॉलर पडतात. ती ४० हजारांचीच राहणार असेल, तर तोच हप्ता सुमारे १,६७० डॉलर होतो. बॅटरीचे तंत्र वेगाने सुधारत असल्याने तीन वर्षांपूर्वीची गाडी जुनाट वाटू लागते, नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या की जुन्यांच्या आणखी कोसळतात आणि हप्ता आवाक्यात ठेवण्यासाठी कंपनीला स्वतःच्या खिशातून भर घालावी लागते. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने सेदान गाड्यांच्या खरेदीवरील ७,५०० डॉलरांची करसवलत ५५ हजार डॉलरांपर्यंतच्या गाड्यांपुरतीच ठेवली होती. परंतु लीजवरच्या गाड्यांना ही मर्यादा लागू नसल्याने महागड्या गाड्या त्या वाटेने खपत राहिल्या. सप्टेंबर २०२५ अखेर ती वाटही बंद झाली.

तेव्हा पहिल्या वर्षीच्या विक्रीवरून कोणताही अंदाज बांधू नये, असे मी आवर्जून सांगेन. पहिल्या वर्षी हौशी आणि कंपनीचे निष्ठावान ग्राहक गाडी घेतातच. लीजचे पहिले करार संपून गाड्या परत येऊ लागल्या, की त्यांना काय भाव मिळतो आणि तेच ग्राहक पुन्हा त्याच कंपनीची इलेक्ट्रिक गाडी घेतात की पेट्रोलकडे वळतात, हे पाहावे. तोवर शोरूममधल्या सवलतीवर लक्ष ठेवावे. पेट्रोलच्या गाडीवर नसलेली मोठी सूट इलेक्ट्रिक गाडीवर सहा महिन्यांतच मिळू लागली, तर ठरवलेली किंमत बाजाराने नाकारली आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न : मोठ्या कंपन्या आपली इलेक्ट्रिक गाड्यांची उद्दिष्टे पुढे ढकलत आहेत. मग आज अशी गाडी घेणाऱ्याची पुढे अडचण होईल का?

उत्तर : उद्दिष्टे पुढे ढकलणे आणि गाडी वाऱ्यावर सोडणे यांत फरक आहे. मर्सिडीजने २०२४ मध्ये, निम्मी विक्री इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या) गाड्यांची होण्यास दशकाचा उत्तरार्ध उजाडेल, असे सांगितले. पण आधी विकलेल्या गाड्यांवरील हमीला त्यामुळे बाधा येत नाही. टायकानच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरांची हमी असून, तेवढ्या काळात क्षमता ७० टक्क्यांखाली जाऊ नये, अशी तिची अट आहे. मला अधिक काळजी सॉफ्टवेअरची वाटते. मॉडेल बंद झाल्यावर चार्जिंगचे नियोजन, नकाशे आणि सुरक्षिततेचे अपडेट किती वर्षे मिळणार, ते विनामूल्य असणार की वर्गणी भरून, हे विक्रेत्याकडून पैसे भरण्यापूर्वीच लेखी घ्यावे.