व्हिडिओ खराच असतो हो, त्याच्या खालची ओळ तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गावच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरतोय, सासूबाई नातवाला शाळेत पाठवायला तयार नाहीत, आणि तुम्ही खोटं आहे म्हटलं की त्या म्हणतात, डोळ्यांनी दिसतंय की, खोटं कसं असेल. तर हे तपासायचं कसं.

आधी एक सांगतो, सासूबाई चुकीचं बोलत नाहीयेत. दिसतंय ते बहुतेक वेळा खरंच घडलेलं असतं. फोटोशॉप, एआय वगैरे आहेच आता, पण माझ्याकडं गेल्या सात-आठ वर्षांत तपासायला म्हणून जे आलं त्यात जास्त करून खराखुरा व्हिडिओ आणि त्याच्या खाली भलतीच ओळ असाच मामला होता. लोक "खरं की खोटं" एवढंच विचारतात आणि तिथंच अडकतात. त्यापेक्षा हे कुठलं, कधीचं, आणि कापलंय का, एवढं विचारायचं.

तुमचा व्हिडिओ म्हणजे बाईकवर दोघं येतात, गल्लीत पोरं खेळतायत, त्यातलं एक उचलून पळतात, तोच असेल तर तो आपला जुना पाहुणा आहे. २०१६ साली कराचीत, म्हणजे पाकिस्तानात, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी बनवलेली ती जाहिरात आहे. मूळ व्हिडिओत पुढं तीच माणसं त्या पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, की कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी हा शेवट कापला, बस. आईबापांना सावध करायला केलेली फिल्म भारतात टोळीचा पुरावा म्हणून फिरली, आणि त्यावर "आपल्या तालुक्यात चारशे लोक उतरलेत, किडन्या काढतात" असलं काहीबाही चिकटत गेलं. त्याच्याच जोडीला लहान मुलांच्या मृतदेहांचा एक फोटो फिरायचा, तो २०१३ च्या सीरियातल्या रासायनिक हल्ल्याचा. हे सगळं एकाच मेसेजात.

आणि हे नुसतं गमतीचं राहिलं नाही म्हणून तर एवढं लांबलचक लिहितोय. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारे आले म्हणून जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच मारून टाकलं. पाचही. त्याच दिवशी मालेगावातही पाच जणांना जमावानं घेरलं होतं, ते पोलिसांमुळं वाचले. मारणाऱ्यांतल्या कुणीही त्या दिवशी एकही मूल पळवलेलं बघितलेलं नव्हतं, बघितलेले होते ते फोनवरचे मेसेज. व्हॉट्सॲपनं "फॉरवर्डेड" हे लेबल आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवायची मर्यादा त्याच महिन्यात आणली, ती काय उगाच नाही.

बरं, फक्त मोबाईलमुळं हे झालं असंही मला वाटत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा कुणाकडं मोबाईल होता? आमच्या आईनं पण वाटी घेऊन रांग लावली होती. आणि दूध चमच्यातून जात होतं हे खरं होतं! पृष्ठताणामुळं दूध वर ओढलं जायचं आणि मूर्तीवरून खाली ओघळायचं, अंनिसवाल्यांनी, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाल्यांनी, तेव्हाच करून दाखवलं. म्हणजे इथंही तेच, डोळ्यांना दिसलेलं खरं आणि त्याला दिलेलं नाव चुकीचं.

आता माझी स्वतःची फजिती ऐका. २०१९ चा ऑगस्ट, आमचं कोल्हापूर पाण्यात. रात्री साडेअकराला मला एक व्हिडिओ आला, धरणाच्या दारांतून पाणी नुसतं कोसळतंय, खाली लिहिलेलं "राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले, दोन तासांत पाणी येतंय". मी काहीही न बघता शिरोळला सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. त्या लोकांनी आधीच निम्मं घर वर चढवलेलं, त्यात हे बघून रात्रीच जनावरं सोडली, ट्रॅक्टर काढला, म्हातारी माणसं ट्रॉलीत घातली. सकाळी मेव्हण्याचा फोन. आवाज एकदम शांत. "दाजी, त्या व्हिडिओत दरवाजे किती आहेत मोजले का?" राधानगरीला स्वयंचलित दरवाजे सात. मी मोजत बसलो तर वीसच्या पुढं गेले. लई लाज वाटली. पाऊस खरा होता, पूर खरा होता, धरण दुसरंच होतं.

तेव्हापासून पुराचं काहीही आलं की मी पहिलं आमच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर, आणि प्रशासन पावसाळ्यात ती फूट-इंचात वेळेसकट देत असतं. अफवेत बघा, "आत्ताच", "आज", "थोड्याच वेळात" असतं, तारीख कधी नसते. तारीख नसली की तो मेसेज दरवर्षी नव्यानं वापरता येतो ना.

आता हातानं करायचं काय. व्हिडिओ चालू करा आणि जिथं पाटी, नंबरप्लेट, एसटी, रिक्षा, दुकानाचं नाव असं काही दिसतंय तिथं थांबवून स्क्रीनशॉट घ्या. लोक चेहऱ्याचा घेतात, त्यानं फारसं हाती लागत नाही. वरखाली जे मजकूर आणि इमोजी चिकटवलेले असतात ते कापून टाका आणि तो फोटो गुगल लेन्सला द्या, म्हणजे तसाच फोटो नेटवर आणखी कुठं आहे ते ते शोधून देतं. पहिल्या फ्रेमनं नाही मिळालं तर दुसरी, तिसरी, मी कधीकधी सहा-सात फ्रेम लावतो. टिनआय म्हणून आणखी एक साईट आहे, तिथं सगळ्यात जुना फोटो आधी दाखव असं सांगता येतं, ते फार कामाचं. तोच व्हिडिओ २०१८ मध्ये कुणीतरी टाकलेला सापडला की "काल आपल्या गावात घडलं" हे तिथंच संपलं, पुढं वाद नाही. पण उलट चालत नाही हं, कालचाच अपलोड दिसला म्हणून व्हिडिओ कालचा ठरत नाही, कुणी जुना काल टाकला असेल.

इथं एक चूक भलेभले करतात. फोटोच्या डिटेल्समध्ये जाऊन म्हणतात, बघा आजची तारीख आहे. अहो, व्हॉट्सॲपवरून फोटो आला की मूळ कॅमेऱ्याची माहिती सहसा त्यात राहत नाही, आणि फाईलच्या नावात जी तारीख आणि पुढं डब्ल्यूए दिसतं ती तो फोटो व्हॉट्सॲपवरून आल्या-गेल्याची तारीख, काढल्याची नव्हे. तसंच फॉरवर्ड मेसेजवरची दोन बाणांची खूण. ती असली म्हणजे मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय. म्हणजे शेजारच्या काकू "माझ्या सख्ख्या भाचीच्या सोसायटीतलं आहे" म्हणत असतील आणि वर दोन बाण असतील, तर भाचीला सरळ फोन लावायचा. मी लावलाय. भाची म्हणाली, मला आईनं पाठवलं.

लेन्सनं नाही मिळालं तर शब्दांनी शोधा, पण तिथल्या भाषेत. व्हिडिओत माणसं हिंदी बोलत असतील तर हिंदीत टाईप करा, मराठीत शोधून मराठीतल्या अफवाच वर येतात. अफवा तपासणाऱ्या साईटपैकी फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज यांची तपासणी मराठीतही असते, बूम आणि ऑल्ट न्यूज इंग्रजी-हिंदीत. केंद्र सरकारची योजना, नोट, परीक्षा, असलं काही असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे सरकारचीच तपासणी. मात्र यांच्याकडं एखादी गोष्ट नाही म्हणून ती खरी झाली असं नाही, गल्लीतल्या अफवेपर्यंत ते पोचलेलेच नसतात.

नुसता मजकूर असेल तर त्यातला एकच ठोस तुकडा पकडायचा, बाकी सोडून द्यायचं. मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्यानं २ फेब्रुवारी १८३५ ला ब्रिटिश संसदेत म्हणे भाषण केलं, की मी भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही, वगैरे. आता त्या तारखेला तो कलकत्त्यात होता, तारीख त्याच्या शिक्षणावरच्या टिपणाची आहे आणि टिपणात असलं वाक्यच नाही. संपलं. युनेस्कोनं आपल्या राष्ट्रगीताला सर्वोत्तम ठरवलं हे तर युनेस्कोनंच नाकारलंय तरी दर १५ ऑगस्टला येतं. २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, ही २००३ ची शिळी भाकरी. तेव्हा मंगळ खरंच खूप जवळ आला होता, आणि मूळ ईमेलात ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून असं होतं, ते दुर्बिणीचं वाक्य वाटेत गळालं. दिवाळीच्या रात्रीचा, नासाचा म्हणून फिरणारा रंगीबेरंगी फोटो म्हणजे अनेक वर्षांतले दिवे कसे वाढले ते रंगांनी दाखवलेला नकाशा. पुलं आणि कुसुमाग्रजांच्या नावानं येणाऱ्या कवितांचं तर बोलूच नका, "मित्र" आणि "आयुष्य" हे शब्द सात ओळींत चारदा आले की मी पुस्तक उघडायचे पण कष्ट घेत नाही.

सगळ्यात अवघड ऑडिओ. "मी अमुक ठाण्यातून बोलतोय, सगळ्यांनी सावध राहा" असली क्लिप. लेन्सला द्यायला काही नसतं, आवाज आता मशीनही काढून देतं. तिथं मी दोनच गोष्टी करतो, त्यातलं एखादं वेगळं वाक्य जसंच्या तसं टाईप करून शोधतो, आणि त्या ठाण्याला फोन. लोकांना वाटतं पोलीस चिडतील. मला आजवर कुणी चिडलेलं भेटलं नाही, उलट "नाही हो, आमच्याकडं अशी तक्रारच नाही" हे वाक्य मिळतं, आणि ते ग्रुपवर टाकायला कराचीच्या पुराव्यापेक्षा जास्त चालतं.

सासूबाईंचं म्हणाल तर ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडू नका, बाई हट्टालाच पेटतील. त्यांच्या शेजारी बसून तो कराचीचा पूर्ण व्हिडिओ दाखवा, पोराला परत आणून सोडतात तिथपर्यंत. आमच्या आईला मी तसाच दाखवला होता, ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनंच भिशीतल्या बायकांना दाखवला. आणि त्यांची भीती अगदीच वेडी आहे असंही समजू नका, मुलं हरवतात हे खरंच आहे. शाळेत मुलाला कोणाच्या हाती सोडतात ते विचारून ठेवा, मुलाला आईचा नंबर पाठ करून घ्या, आणि खरोखर संशयास्पद काही दिसलं तर ११२, मुलांसाठी १०९८. स्वतः माणूस धरायला जाऊ नका.

तुमचा व्हिडिओ बाईकवाला नसून दुसराच असेल तर त्यातली रिक्षा काळी-पिवळी आहे की हिरवी-पिवळी तेवढं बघून सांगा, आणि मागं दुकानाची पाटी दिसत असेल तर तिचा स्क्रीनशॉट टाका. मी आज रात्री बसतो.