फ्रीजरमधल्या कोबीला पाणी सुटतं, म्हणून टाकून देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिरांच्या रानातनं कोबीचे गड्डे आले, निम्मे चिरून पिशव्यांत भरून फ्रीजरला टाकले, एक गड्डा अख्खाच ठेवला. आता भाजी करायला घेतली की कढईत तळं होतंय, खाताना चोथा लागतोय, वर घरभर वास. शेजारणी म्हणतात टाकून द्या. तर टाकून द्यायचं काही कारण नाही. कोबी बिघडलेला नाही, तुम्ही त्याला ताज्या कोबीची रीत लावताय, एवढंच. मी इथं बेळगावात, अनगोळात डबे देते. भाव पडला की कोबी इतका येतो की शेतकरी उभ्या पिकात मेंढरं सोडतात, मग ओळखीतला कोणीतरी पोतंभर दारात टाकून जातोच. त्यामुळे फ्रीजरमधल्या कोबीशी माझा बराच संबंध येतो.

आधी हे पाणी येतं कुठनं ते बघा. शंभर ग्रॅम कोबीत साधारण ९२ ग्रॅम पाणीच असतं. घरचा फ्रीजर हळूहळू गोठवतो, त्यामुळे पानाच्या आत बर्फाचे मोठे खडे धरतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. बर्फ वितळला की धरून ठेवायला भिंतच नाही, सगळं पाणी बाहेर. म्हणजे हा कोबी दिसायला शिजल्यासारखा मऊ, पण आतनं कच्चाच. मऊ दिसतोय म्हणून लवकर उतरवला तर चोथा लागतो, आणि पाणी आटेपर्यंत ठेवला तर लगदा होतो.

वासाचं कारणही त्यातच आहे. कोबी मोहरीच्याच कुळातला. पान चिरलं, फाटलं की त्यातला तिखट गंध मोकळा होतो. तो ताजा असताना चांगला लागतो. पण झाकण घालून, मंद आचेवर, स्वतःच्याच पाण्यात बराच वेळ ठेवला की गंधकाचा वास धरतो. तुम्ही पिशवी सकाळी ओट्यावर काढून ठेवता, मग त्या पाण्यासकट कढईत ओतून झाकण घालता, असं तुम्हीच लिहिलंय. वास येणारच की.

साध्या परतलेल्या भाजीला कोबी वितळवायचाच नाही. फ्रीजरमधनं थेट कढईत. कढई पसरट घ्या, लोखंडी असेल तर उत्तमच, आणि आच मोठी. फोडणी नेहमीची: तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. तेल मात्र नेहमीपेक्षा चमचाभर जास्त. पिशवीतला ढेकूळ ओट्यावर आपटून मोकळा करा आणि एकदम सगळा न घालता दोन-तीन वेळा मिळून घाला. कान कढईकडं ठेवा. पहिली मूठ पडली की चर्र होतं; तो आवाज बारीक होऊन नुसतं बुडबुडं ऐकू यायला लागलं की कढई गार झाली, कोबी उकडतोय. थांबा, आवाज परत चढू द्या, मग पुढची मूठ. झाकण अजिबात नको. शेवटी कडेनं एखादं पान तांबूस दिसायला लागलं की झालं. हळद फोडणीत, मीठ अगदी शेवटी. मिठाचं एक ध्यानात ठेवा. ताजा कोबी चिरला की कढईभर दिसतो आणि आपण त्या ढिगाकडं बघून मीठ घालतो. गोठवलेला आधीच बसलेला असतो, ढीग लहान आणि कोबी तेवढाच, त्यामुळे डोळ्याचा अंदाज हमखास चुकतो. चव घेऊनच घाला.

हरभऱ्याची डाळ घालायची असेल तर भिजवलेली डाळ आधी वेगळी बोटचेपी शिजवून घ्या. ताज्या कोबीबरोबर डाळ सावकाश शिजायला वेळ मिळतो, इथं तेवढा वेळ नाही.

पण खरं सांगू का, या कोबीची परतून भाजी हा दुसऱ्या नंबरचा मार्ग. पहिला मार्ग म्हणजे पीठ पेरून. सुटणारं पाणी जिथं कामाला येतं तिथं त्याच्याशी भांडायचं कशाला? अर्धा किलो कोबीला पाऊण वाटी बेसन. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजून ठेवा. कच्चं घातलं तर चिकट गोळे होतात. फोडणीत लसूण सढळ आणि तिखट. आमच्याकडं ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची मिसळून असतं, ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा झटका. नुसती संकेश्वरी असेल तर हात आखडता घ्या. कोबी घाला, पाणी सुटू द्या, आणि ते निम्मं आटलं की मीठ घालून वरनं बेसन भुरभुरा. लगेच ढवळू नका. आता मात्र दोन-तीन मिनिटं झाकण, मंद आच. झाकण काढलं की पीठ पाणी पिऊन पिवळंधमक, ओलसर झालेलं दिसेल. मग उलथन्यानं खालवर करून उघड्यावरच मोकळं होईपर्यंत परता. तळाला जी खरपुडी धरते ती खरवडून काढायची, टाकायची नाही; आमच्या घरी तिच्यावरनं भांडणं होतात. जोंधळ्याची भाकरी, कच्चा कांदा, कारळ्याची चटणी, बस्स. डब्यात ही भाजी संध्याकाळपर्यंत सुकी राहते, कारण सुटायचं पाणी आधीच पिठात गेलेलं असतं.

थालीपिठाला आणि वड्यांना तर मी ताज्यापेक्षा गोठवलेलाच बरा म्हणते. कारण सांगते. ताजा कोबी किसून पिठात घातला की मीठ लागल्यावर तो पाणी सोडत राहतो, पहिलं थालीपीठ नीट होतं आणि चौथ्यापर्यंत गोळा सैल पडून हाताला चिकटतो. गोठवलेल्याचं पाणी एकदाच येऊन जातं. इथं कोबी वितळवायचा, पण ओट्यावर नाही. रात्री चाळणीत काढा, खाली पातेलं, आणि दोन्ही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी मुठीत घेऊन पिळा आणि पातेल्यातलं पाणी ओतू नका, त्यातच पीठ मळा. भाजणी असेल तर भाजणी, नसेल तर जोंधळ्याच्या पिठात थोडं बेसन, चमचाभर तीळ, ओवा, कांदा. साधं पाणी बहुतेक लागतच नाही. कोबीच्या वड्याही तशाच: बेसनात थोडं तांदळाचं पीठ, शिटी काढून कुकरला वीस मिनिटं वाफवायच्या, गार झाल्यावरच सुरी लावायची.

मुलं गोबी मंचुरी मागत असतील तर तीही याच पिळलेल्या कोबीची करा. गाड्यावर फ्लॉवर महाग झाला की कोबीचीच होते. मीठ लावून पाणी सुटायची वाट बघायची गरज नाही. मैदा, कॉर्नफ्लोर, आलं-लसूण घालून लगेच गोळे वळता येतात. लालभडक रंग तेवढा घालू नका. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती उगाच नाही.

आता तुमचा तो अख्खा गड्डा. तुम्ही तो 'चुकून' ठेवला म्हणता, पण मी मुद्दाम ठेवते. अळूवडीसारख्या कोबीच्या वड्या कधी करून बघितल्यात का? ताज्या कोबीची पानं सुटी करताना फाटतात, आणि सारण लावून गुंडाळायला गेलं की शिरेवर कट्कन मोडतात. मग लोक अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात धरून एकेक पान सोडवत बसतात, बोटं भाजून घेतात. गोठून वितळलेल्या गड्ड्याची पानं मात्र ओल्या फडक्यासारखी सुटतात आणि हवी तशी वळतात. गड्डा मोठ्या पातेल्यात ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. मोठा असेल तर पुरा एक दिवस, वर आणखी एक रात्रही लागते. घाई करून बाहेर काढला तर वरची पानं आंबट होतात आणि गाभ्यात बर्फ तसाच राहतो. पुढच्या वेळी गड्डा फ्रीजरला ठेवण्याआधीच देठाचा गाभा सुरीनं कोरून काढा, म्हणजे पानं आपोआप सुटतात.

पान पाटावर उलटं पसरा आणि मधली जाड शीर सुरी आडवी धरून तासून पानाच्या जाडीला आणा. हे टाळू नका, नाहीतर गुंडाळी पोटात फुगते. फडक्यानं पान टिपून कोरडं करा. बेसनात चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, तीळ, धने-जिऱ्याची पूड घालून पीठ भिजवा. अळूवडीपेक्षा घट्ट, कारण पान आतनं अजून पाणी सोडणार. पानावर पीठ, त्यावर उलट्या दिशेनं दुसरं पान, परत पीठ, असे तीन थर. कडा आत दुमडून घट्ट गुंडाळा, तेल लावलेल्या चाळणीत वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. पुरतं गार झाल्यावर काप करून तव्यावर दोन्हीकडनं खरपूस भाजा. चिंच अळूइतकी नको, कोबीला खाज नाही. घरात चालत असेल तर अशाच पानांत मटणाचा खिमा आणि थोडा अर्धवट शिजलेला बासमती भरून रश्श्यात सोडा. आपला बेळगावचा बासमती छोट्या दाण्याचा, मऊ शिजणारा, भरायला अगदी बेताचा. आतली बारीक, मुडपलेली पानं गुंडाळायच्या उपयोगाची नाहीत, ती चिरून आमटीत घाला.

पचडी, कोशिंबीर, सँडविच यांत मात्र हा कोबी घालायचा नाही. गेलेला कुरकुरीतपणा बर्फाच्या पाण्यात ठेवूनही परत येत नाही.

पुढच्या हंगामाला ठेवायचा असेल तर कच्चा भरू नका. थंडीनं पानातली विकरं (एन्झाइम) मंदावतात, मरत नाहीत. म्हणून कच्चा गोठवलेला कोबी महिना-दोन महिन्यांत चव, रंग सोडतो आणि वास धरतो. आधी बाहेरची पानं काढा, चिरून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा म्हणजे आतल्या अळ्या वर येतात. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळा, अर्ध्या किलोला चार लिटर तरी. चिरलेला कोबी दीड मिनिट, मोठ्या फोडी तीन मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात, तेवढाच वेळ. मग चाळणीत पूर्ण निथळून फडक्यावर पसरा; निथळण्यात केलेला आळस नंतर कढईत दिसतो. ताटात पातळ पसरून तासाभरात कडक झाला की पिशवीत भरा, हवा काढा, पिशवी चपटी करा. एका वेळेला लागेल तेवढीच एक पिशवी. उणे १८ अंशाला असा कोबी आठ-दहा महिने चांगला राहतो. सिंगल डोअर फ्रीजच्या वरच्या कप्प्याला मात्र ही मुदत लावू नका, तिथं तेवढी थंडी टिकत नाही. दोन-तीन महिन्यांत संपवा.

आणि मुद्दाम विकत आणून गोठवू नका. आपल्याकडं कोबी बारमाही मिळतो, कडोली भागातनं गाड्या भरभरून गोव्याला जातात. फुकट आला, घरात मावेना, तरच हा उद्योग.

खानापूरकडं पावसात वीज जाते म्हणून विचारलंत. वीज गेली की फ्रीजरचं दार उघडून बघायचा मोह आवरा. भरलेला वेगळा फ्रीजर बंद राहिला तर दोन दिवस थंडी धरतो, निम्मा भरलेला असेल तर एक दिवस. घरच्या फ्रीजचा छोटा कप्पा त्याहून बराच कमी. तुम्ही गावाला गेल्यावर किती वेळ वीज नव्हती ते कळायला वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बरं, तळाला गोठलेलं सापडलं तर मधे सगळं वितळलं होतं. मग त्या कप्प्यातलं काही खाऊ नका. तुम्ही घरी असतानाच वीज गेली आणि पिशवीत अजून बर्फाचे कण हाताला लागत असतील, तर त्याच दिवशी शिजवा.

तुमच्या चिरलेल्या पिशव्या कच्च्याच गोठवल्यात, तेव्हा त्या आधी काढा. दोन पीठ पेरून, एक थालीपिठाला. आज जी पाणचट भाजी झालीय ती परत आटवत बसू नका. त्यात शिजवलेली तुरीची डाळ घोटून घाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा, वरनं लसणाची फोडणी द्या. भातावर चालतंय की.