कुंपणाशी आपोआप उगवलेली रुई तोडावी की ठेवावी?

कुंपणाशी उगवलेल्या रुईचं काय करावं आणि तिचा उपयोग काय, असं तुम्ही लिहून विचारलंत. तुमच्या सासूबाई म्हणतात पवित्र आहे, हात लावू नका. नवरा म्हणतो विषारी आहे, उपटून टाका. दोघांचंही खरं आहे आणि दोघांनाही रुई नीट माहीत नाही, असं मी स्पष्टच सांगते.

माझं माहेर गुरवाचं. गावच्या मारुतीची पूजा आमच्या घराकडे. शुक्रवारी संध्याकाळी ओढ्याकाठून रुईची पानं आणायची, रात्रभर पोत्यावर पसरायची आणि पहाटे आई माळा ओवायला बसायची. ताजं पान खुडलं की पांढरा चीक टपटप गळतो. तो थांबून सुकला की मग पान हाताळता येतं. सुई हातात घ्यायच्या आधी आई बोटांना खोबरेल तेल चोळायची, तरी नखांच्या कडा काळ्या पडायच्याच. आम्हा पोरांना दम एकच, रुईचा हात डोळ्याला नाही की तोंडाला नाही. त्या माळांवर आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघालाय. त्यामुळे कुणी रुईच्या नावानं नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं.

विषारी ती आहेच. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर ऐन वैशाखातही माळावर हिरवीगार उभी असते. चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि आयुर्वेदानं तिला उपविषांत घातलंय. पण त्रास झाडापेक्षा माणसंच जास्त ओढवून घेतात. आमचे थोरले दीर बघा.

भाऊजींना कुणीतरी सांगितलं, पांढऱ्या रुईच्या जुन्या मुळाशी आपोआप गणपती तयार होतो, तो घरात ठेवला की लक्ष्मी येते. शेताच्या बांधावर पांढरी रुई होतीच. मी म्हटलं, "भाऊजी, मुळाला गाठी असतात, ज्याला सोंड बघायचीय त्याला ती दिसते. विकायला येतात ते कोरलेले असतात." त्यावर उत्तर काय, तर "तुम्हा गुरवांना माळेपलीकडे काय कळतं!" हे वाक्य मी विसरलेली नाही.

रविपुष्याचा मुहूर्त गाठून कुदळ-कोयता घेऊन गेले. फांदी छाटताना चीक उडाला तो थेट उजव्या डोळ्यात. मी कळशी पुढे करून म्हणतेय धूत राहा, धूत राहा, तर यांनी दोन ओंजळी पाणी मारलं आणि पुन्हा खणायला लागले. म्हणे, "दुखत नाहीये काही."

इथेच तर माणूस फसतो. हा चीक डोळ्यात गेला की आधी चुरचुरतं, मग बऱ्याचदा फारसं दुखतच नाही. नजर मात्र धूसर होत जाते, उजेड सोसत नाही. दिवेलागणीला बल्बभोवती कडी दिसायला लागली, तेव्हा जाऊबाईंनी रडायला सुरुवात केली. तोवर शेजाऱ्यांनी गुलाबपाणी आणि तूप दोन्ही घालून झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला आतून सूज आलीय. थेंब सुरू झाले आणि नजर हळूहळू मूळपदावर आली. सगळ्यांचीच येते असं नाही.

ते मूळ पोटमाळ्यावर पडलंय. त्याला ना सोंड, ना पोट. आणि आजही लग्नकार्यात भाऊजी पाहुण्यांना सांगत सुटतात, "हिच्या माहेरच्या रुईनं माझा डोळा जात होता." माहेरच्या? झाड तुमच्या बांधावरचं, कोयता तुमच्या हातात!

असो. उपयोग विचारलेत. पानाला एरंडेल लावायचं, तव्यावर गरम करायचं आणि दुखऱ्या गुडघ्यावर बांधायचं, हे घरोघरी चालतं. बरं वाटतं, त्यात शेकाचा वाटा किती आणि पानाचा किती, यात मी पडत नाही. पायात रुतलेल्या काट्यावर चिकाचा थेंब सोडतात. बोंडातला कापूस उशीत भरायचे. सालीचा वाख इतका चिवट की त्याच्या धनुष्याच्या दोऱ्या व्हायच्या. रथसप्तमीला सात पानं अंगावर ठेवून आंघोळ, नवग्रहांत सूर्याला समिधा रुईची. आणि तिसरं लग्न करणाऱ्याचं आधी रुईशी लग्न लावायचे, अर्कविवाह म्हणतात त्याला. तिसरेपणाचं जे काही अशुभ असेल ते झाडानं सोसायचं, नवरदेव मोकळा! विंचवाच्या दंशावरही चीक लावतात, त्या नादी लागू नका, दवाखाना गाठा. गर्भ पाडायला हाच चीक वापरून बायकांचे जीव गेलेत, हेही "पवित्र" म्हणणाऱ्या सासूबाईंच्या कानावर घाला.

माझं मत, झाड कुंपणाबाहेर असेल तर राहू द्या. शनिवारी पानं मागायला कुणी आलं तर देत जा.

पण थांबा, मूल तीन वर्षांचं आहे म्हणालात ना? मग सध्या काढलेलीच बरी. फुगीर कळ्या चिमटीत दाबल्या की फटकन फुटतात, आणि तो खेळ एकदा कळला की पोरं ऐकत नाहीत. तोडणाऱ्याला गॉगल, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावा. मूळ खोल जातं, तुकडा राहिला तर पुन्हा फुटते. डोळ्यात चीक गेलाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरकडे जायचं. तूप नाही, गुलाबपाणी नाही.

फुलं जांभळी आहेत की पांढरी ते तुम्ही लिहिलं नाहीत. पांढरी असतील तर तोडायच्या आधी गावभर बोलू नका, नाहीतर आमच्या भाऊजींसारखा कुणीतरी रात्रीच कुदळ घेऊन तुमचं कुंपण खणायला येईल.