कल पात्राचा, पसंती खेळाडूची

एक वाचक आपल्या मित्रमंडळींसाठी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमांची, म्हणजे ज्यांत खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्ट जगतो अशा गेमांची, मराठीत ओळख लिहीत आहेत. पात्रांची माहिती देताना ‘सेक्शुअल ओरिएंटेशन’साठी त्यांनी ‘लैंगिक पसंती’ वापरलं, ‘रोमान्स ऑप्शन’साठी, म्हणजे खेळाडूचं ज्याच्याशी प्रेम जमू शकतं अशा पात्रासाठी, ‘प्रेम पर्याय’, आणि ‘प्लेअरसेक्शुअल’पाशी त्यांचं घोडं अडलं. हे शब्द बरोबर आहेत का, आणि तिसऱ्याला काय म्हणावं, असं त्यांनी विचारलं आहे.

‘लैंगिक पसंती’ आधी काढून टाका, ही माझी कळकळीची विनंती. पसंती हा निवडीचा शब्द आहे. समोर चार गोष्टी असतात, त्यांतली एक आपण उचलतो. अकरावीच्या अर्जात कॉलेजांचे पसंतीक्रम भरतो, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर ‘पसंती कळवा’ म्हणतो. कोणाबद्दल ओढ वाटावी हे कोणी असं अर्ज भरून ठरवत नाही. त्यासाठी आपल्याकडे ‘कल’ हा नेमका शब्द आहे. तराजूचं पारडं कलतं, खिडकीतलं रोप उजेडाकडे कलतं. आपल्याकडे काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत, त्यामागचं गृहीतही हेच होतं की कल मुलात असतोच, चाचणीने तो फक्त ओळखायचा. ‘लैंगिक अभिमुखता’ हा शब्दही चूक नाही, पण तो अहवालात शोभतो. गेमबद्दल बोलताना ‘लैंगिक कल’ किंवा नुसतं ‘कल’ पुरे.

हा फरक मला पुस्तकात नाही, घरात कळला. माझी भाची ‘सायबरपंक २०७७’ खेळत होती. त्यात खेळाडूच्या पात्राचं नाव व्ही. तिची व्ही बाई होती आणि तिला गेममधली पॅनम फार आवडायची. तिने पॅनमशी जमवायचा प्रयत्न केला, पॅनमने तो परतवला. भाचीला वाटलं, आपण चुकीचा संवाद निवडला. तिने जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडून तोच प्रसंग पुन्हा खेळला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, मी काय चुकीचं बोलले?” मी म्हणालो, “काही नाही गं, तिचा कल बायकांकडे नाही.” तिला ते एका क्षणात पटलं. ‘तिला तू पसंत नाहीस’ म्हणालो असतो तर पोरगी तिसऱ्यांदा सेव्ह उघडून बसली असती. नापसंतीवर उपाय करता येतो असं आपल्याला वाटतं. कलाशी भांडायचं नसतं.

या गेममध्ये ज्युडीचा कल बायकांकडे आहे, केरीचा पुरुषांकडे. खेळाडूने व्ही कसा किंवा कशी घडवली यावरून यातला कोणता दरवाजा उघडेल ते ठरतं. म्हणजे पसंती खेळाडूची आणि कल पात्राचा. दोन्हींना एकच शब्द लावला की माहिती लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच.

आता ‘प्लेअरसेक्शुअल’. ज्या पात्राचा कल खेळाडूचं पात्र स्त्री आहे की पुरुष त्यानुसार जुळवून घेतो, त्याला हे विशेषण लावतात. ‘खेळाडूलैंगिक’ असा शब्दशः जोड कानाला सोसत नाही आणि अर्थही लागत नाही. मी ‘खेळाडूसापेक्ष कल’ म्हणेन. कालसापेक्ष, व्यक्तिसापेक्ष हे शब्द आपण रोज वाचतो, त्यांच्याच घरातला हा.

हा शब्द कुठे लावायचा आणि कुठे नाही, ते ‘ड्रॅगन एज २’ या २०११च्या गेममध्ये छान दिसतं. त्यात खेळाडूच्या पात्राचं नाव हॉक. हॉक पुरुष असो वा स्त्री, जादूगार अँडर्स दोघांवरही प्रेम करू शकतो. पण हॉक पुरुष असेल तरच तो सांगतो की कार्ल नावाचा त्याचा मित्र खरं तर त्याचा प्रियकर होता. हॉक स्त्री असेल तर ही गोष्ट तो बोलतच नाही. त्याचा भूतकाळच खेळाडूकडे बघून उलगडतो. हा खेळाडूसापेक्ष कल. त्याच गेममधली इझाबेला मात्र समोर कोणताही हॉक असला तरी स्त्रिया आणि पुरुष दोघांबद्दलची ओढ मोकळेपणाने बोलते. तिचा कल तिचा स्वतःचा आहे, तिला उभयलैंगिकच म्हणायला हवं. ‘बाल्डर्स गेट ३’मधल्या सोबत्यांबद्दल लिहितानाही हीच कसोटी लावा. त्यांतल्या बहुतेकांशी कोणत्याही खेळाडूचं जमू शकतं, पण एवढ्यावरून कल ठरत नाही. पात्र स्वतःबद्दल काय सांगतं ते बघा.

‘ड्रॅगन एज’ मालिकेतल्याच २०१४च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये डोरियन आहे. त्याचा कल पुरुषांकडे, आणि त्याच्या वडिलांनी रक्तजादूने तो बदलायचा घाट घातलेला असतो. बापलेकांची त्यावरून जी गाठ पडते, तो प्रसंग मी कधीच घाईत पुढे ढकलू शकलेलो नाही. खेळाडू स्त्री असेल तर डोरियन तिचा जिवलग मित्र होतो, तेवढंच. या पात्राच्या नावापुढे ‘लैंगिक पसंती : पुरुष’ असं लिहिणं म्हणजे त्याच्या वडिलांचंच म्हणणं मान्य करणं आहे.

वर मी ‘उभयलिंगी’ मुद्दामच टाळलं. शाळेत आपण ‘गांडूळ उभयलिंगी प्राणी आहे’ असं शिकतो, तिथे तो शब्द शरीराबद्दल आहे. माणसाच्या ओढीबद्दल ‘उभयलैंगिक’ बरा. तोच न्याय समलिंगीला. नातं किंवा विवाह समलिंगी, कारण त्यात दोघं आहेत. एकट्या माणसाबद्दल बोलताना समलैंगिक. वर्तमानपत्रं दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, त्याला मी चूक म्हणणार नाही, पण तुम्ही नव्याने लिहिताय तर नेमकं लिहा.

‘प्रेम पर्याय’चा दोष वेगळा आहे. प्लास्टिकला पर्याय कापडी पिशवी, तसा प्रेमाला पर्याय असं ते वाचलं जातं. मराठीत दोन माणसांचं ‘जमतं’ किंवा ‘सूत जुळतं’. तुमच्या लेखात सरळ ‘कुणाशी जमू शकतं’ असं शीर्षक द्या आणि खाली नावं लिहा. ‘स्टारड्यू व्हॅली’त गोष्ट लग्नापर्यंत जाते, गावात १२ अविवाहित पात्रं असतात आणि खेळाडू स्त्री असो वा पुरुष, त्यांतल्या कोणाशीही लग्न करू शकतो. तिथे ‘स्थळं’ हा शब्द अगदी चपखल बसतो. तो बिनधास्त वापरा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण संवादांची भाषांतरं करणार असाल तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठी क्रियापद लिंग उघड करतं. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ म्हटलं की बोलणारा पुरुष हे कळलं. (कोल्हापूरकडच्या बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, ती गोड गोष्ट निराळी.) ‘मला तू आवडतेस’ म्हटलं की बोलणारी व्यक्ती झाकलेली राहते आणि जिच्यावर प्रेम आहे ती बाई हे कळतं, कारण क्रियापद ‘तू’च्या मागे जातं. म्हणजे कोणाशीही जमू शकणाऱ्या पात्राचं हे एक वाक्य दोनदा लिहावं लागेल. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्यात मात्र क्रियापद ‘प्रेम’च्या मागे जातं आणि दोघांचंही लिंग कुठेच दिसत नाही. शिवाय मराठी माणूस मनापासून बोलताना हेच बोलतो. ‘मी प्रेम करतो’ला परभाषेचा वास आहे.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पात्र स्त्री-पुरुष चौकटीबाहेरचंही घडवता येतं. तिथे ‘थकलास’ की ‘थकलीस’ असं अडलात तर ‘तुला थकवा आलाय’ लिहा. ‘रागावलास का’ऐवजी ‘राग आला का’, ‘घाबरलीस’ऐवजी ‘भीती वाटतेय का’. मला आणि तुला यांनी सुरू होणारी अशी असंख्य वाक्यं आपल्याकडे तयार आहेत, आणि बहुतेक मनाच्या अवस्थांची आहेत. जीव जडणं, आठवण येणं, करमत नसणं. प्रेमाच्या प्रसंगाला जेवढं लागतं, तेवढं त्यांत सगळं आहे.