ऑडिटच्या आधी ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स तयार करायची आहे. एक्सेल पुरेल की टूल घ्यावे?

आपण विचारले आहे की सुमारे ४०० रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करावे याच्या अटी) आणि १५०० टेस्ट केस (त्या तपासण्याच्या चाचण्या) यांची मॅट्रिक्स, म्हणजे कोणती अट कोणत्या चाचणीने तपासली याचा तक्ता, पुढच्या महिन्यातील ऑडिटच्या आधी तयार करायची असून त्यासाठी एक्सेल पुरेल की एखादे टूल विकत घ्यावे, आणि एका रिक्वायरमेंटला निदान किती टेस्ट केस जोडलेल्या असाव्यात. एक्सेल पुरेल. संख्येला फारसा अर्थ नाही. मात्र टेस्ट केस लिहून झाल्यावर, ऑडिटच्या तोंडावर मॅट्रिक्स बसून भरायची असते, असे आपण गृहीत धरलेले दिसते आणि त्या समजुतीशी माझे जुने वैर आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी बडोद्याची. मकरपुऱ्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी बरीच वर्षे टेस्टिंग केले. आमचे ग्राहक बहुतेक औषध कारखाने होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेतील नमुन्यांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. प्रकल्पप्रमुख दांडिया बाजारातले, माझ्या थोरल्या भावाचे शाळासोबती. त्यांना मी ऑफिसातही दादाच म्हणत असे, त्यामुळे वाद घालताना मला कधी भीड वाटली नाही. मीटिंग गुजरातीत, कागदपत्रे इंग्रजीत आणि भांडण मराठीत, अशी आमची वाटणी होती. दादांचे म्हणणे असे की मॅट्रिक्स हा ऑडिटरला दाखवायचा कागद आहे, तो शेवटी करावा, आधी केला तर रिक्वायरमेंट बदलत राहतात आणि काम दोनदा करावे लागते. माझे म्हणणे असे की टेस्ट केस ज्याने लिहिली त्यानेच, ती लिहीत असताना, ती कोणत्या रिक्वायरमेंटसाठी आहे हे नोंदवले पाहिजे. ती जोडणी करताना आपण एक ठाम दावा करत असतो: ही रिक्वायरमेंट उद्या प्रोग्रॅममध्ये कोणाकडून मोडली गेली, तर ही टेस्ट केस फेल होईल. असा दावा दुसऱ्या कोणी नंतर शीर्षके वाचून करणे म्हणजे अंदाज बांधणे होय.

दादा प्रमुख होते, त्यामुळे मॅट्रिक्स शेवटीच झाली. दोन शिकाऊ मुलांना शनिवारी-रविवारी बसवण्यात आले आणि त्यांनी दोन्ही याद्यांमध्ये सारखे शब्द शोधून चौकोन भरले. त्या मुलांना मी दोष देत नाही, कारण दुसरे काही करण्याइतका वेळ आणि माहिती त्यांना दिलेलीच नव्हती. यूआरएसमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या रिक्वायरमेंटच्या कागदात, एक ओळ अशी होती: साठवलेल्या निकालात बदल केल्यास जुने मूल्य, नवे मूल्य, बदल करणारी व्यक्ती आणि वेळ यांची नोंद आपोआप व्हावी, जुनी नोंद झाकली जाऊ नये, आणि कारण लिहिल्याशिवाय बदल साठवला जाऊ नये. यातील बहुतेक भाग अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या १९९७ सालच्या २१ सीएफआर पार्ट ११ या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमातून आलेला, तर कारणाची अट युरोपच्या ॲनेक्स ११ या औषधनिर्मितीतील संगणकप्रणालींच्या नियमावलीतली. ग्राहक दोन्हीकडे माल पाठवत असल्याने त्यांनी सगळे एकाच वाक्यात कोंबले होते. आमच्या मॅट्रिक्समध्ये या ओळीसमोर तीन टेस्ट केस होत्या आणि तिन्ही पास होत्या.

ग्राहकाच्या क्वालिटी विभागातील बाईंनी किती रिक्वायरमेंट जोडल्या गेल्या याच्या एकूण टक्केवारीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी नेमकी ही ओळ निवडली आणि तिन्ही टेस्ट केस उघडून दाखवायला सांगितले. पहिलीत ऑडिट ट्रेलचा, म्हणजे बदलांच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचा, स्क्रीन उघडतो का हे पाहिले होते, दुसरीत बदल केल्यावर एक नवी ओळ दिसते का हे, आणि तिसरीत त्याची छापील प्रत पृष्ठक्रमांकासह निघते का हे. कारणाच्या अटीला कोणी हातच लावला नव्हता. बाईंनी स्वतः कारणाच्या रकान्यात स्पेस बार एकदा दाबला आणि सेव्ह केले. बदल साठवला गेला. त्यावर त्यांनी विचारले की उरलेल्या ओळींपैकी किती ठिकाणी असेच झाले आहे, आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. सॉफ्टवेअर वापरायला योग्य आहे असे सांगणाऱ्या व्हॅलिडेशन रिपोर्टवर सही झाली नाही.

दादांचे नंतरचे मत असे की तो एक बग होता आणि मॅट्रिक्सचा त्यात काही दोष नव्हता. मला ते आजही पटलेले नाही. बग प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असतात, पण येथे आमचा स्वतःचा कागद सांगत होता की ही गोष्ट तपासलेली आहे. तो चौकोन रिकामा राहिला असता तर कारणाची टेस्ट केस बाकी आहे हे आम्हाला ऑडिटच्या आधीच कळले असते.

त्यानंतर ते काम माझ्याकडे आले. मी ती ओळ फोडून प्रत्येक अटीला वेगळा क्रमांक दिला आणि प्रत्येक जोडणी उघडून वर सांगितलेला दावा खरा ठरतो का ते पाहिले. जोडण्या घटल्या आणि रिकामे चौकोन वाढले, जे दादांना मुळीच रुचले नाही. आपल्या ‘किमान किती’ या प्रश्नाचे जे काही उत्तर आहे ते यातच आहे: वाक्यात ‘आणि’ असेल तर आधी ते फोडा, मर्यादा दिली असेल तर तिच्या अलीकडची, पलीकडची आणि नेमक्या मर्यादेवरची नोंद तपासा, मग जी संख्या येईल ती. काही रिक्वायरमेंट, उदाहरणार्थ वापरकर्त्यासाठी पुस्तिका असावी ही, केवळ पाहून तपासायच्या असतात. त्यांच्यासाठी ओढूनताणून टेस्ट केस लिहू नका.

उलट दिशेनेही पाहा, म्हणजे कोणत्या टेस्ट केसला किंवा कोडला रिक्वायरमेंटच नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण फसले तेव्हा दिशा आणि स्थिती मोजणाऱ्या यंत्रणेत एरियान ४ मधला एक भाग उड्डाणानंतरही चालू होता, ज्याची नव्या रॉकेटला त्या वेळी गरजच नव्हती. त्यात ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी मंडळाने हेही नोंदवले की या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती नव्हती, त्यामुळे त्या परिस्थितीत ती तपासली गेली नाही. गरज संपलेले कोड आणि न लिहिलेली रिक्वायरमेंट, दोन्ही एकाच ठिकाणी.

आता एक्सेलविषयी. डोर्ससारख्या, रिक्वायरमेंट सांभाळणाऱ्या टूलचा खरा फायदा हा की रिक्वायरमेंटचा मजकूर बदलला की तिच्या जोडण्यांवर संशयाची खूण येते. हेच एक्सेलमध्ये हाताने करता येते: प्रत्येक जोडणीशेजारी रिक्वायरमेंटची आवृत्ती लिहा आणि सध्याच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या ओळी फिल्टर करा. दादांच्या ‘काम दोनदा करावे लागते’ या तक्रारीला माझे उत्तर हेच होते, कारण पुन्हा पाहाव्या लागतात त्या फक्त तेवढ्याच ओळी. एक्सेलच्या ओळीचा क्रमांक हा रिक्वायरमेंटचा क्रमांक म्हणून कधीही वापरू नका आणि रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या रिक्वायरमेंटला देऊ नका.

आपल्याकडे एकच महिना आहे, त्यामुळे सगळ्या ४०० ओळी अशा तपासून होणार नाहीत. ज्या चुकल्या तर रुग्णाला, पैशाला किंवा नोंदींच्या विश्वासार्हतेला धोका आहे त्या आधी घ्या आणि उरलेल्यांसमोर ‘जोडणी तपासलेली नाही’ असे स्पष्ट लिहा. आपल्या प्रमुखांना ते आवडणार नाही, पण ऑडिटरशी बोलणे त्यामुळे सोपे जाते, हा माझा अनुभव आहे.

हे सर्व औषधनिर्मितीतील कामावरून लिहिले आहे. विमानाच्या सॉफ्टवेअरला डीओ-१७८सी हे मानक लागू असेल तर जोडण्या कोडपर्यंत न्याव्या लागतात आणि तेथे मी एक्सेल सुचवणार नाही. उलट आपले सॉफ्टवेअर ऑफिसातील रजेच्या अर्जांसारखे अंतर्गत असेल आणि ऑडिटही घरचेच असेल, तर हिशेब आणि परवानग्या यांच्या रिक्वायरमेंट नीट जोडा, बाकीची मॅट्रिक्स सोडून द्या आणि तो वेळ प्रत्यक्ष टेस्टिंगला द्या.