कॅल्क्युलसची भीती आणि दोन टक्क्यांची चूक

बारावीला गणित सोडून पीसीबी घेतलेल्या मुली बीएस्सी नर्सिंग करून अमेरिकेत येतात, आयसीयूत काही वर्षं काढतात आणि मग सीआरएनएचं, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सच्या शिक्षणाचं, मनात घेतात. माझ्याकडे सल्ल्याला आल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, गणित किती लागतं हो?"

ही त्यांच्यातलीच एक. मूळची कोल्हापूरकडची, न्यू जर्सीत कार्डियाक आयसीयूत सहा वर्षं. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) घरी हे शिक्षण समजावतानाच तिची दमछाक झालेली. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, त्यामुळे "नर्स कशी देईल?" असं सासूबाईंनी तीनदा विचारलं होतं. त्यात ड्यूटीवरच्या कुणीतरी सांगितलं, कॅल्क्युलस लागतं. हिनं जाडजूड पुस्तक आणलं, तिसाव्या पानावर अडकली आणि दोन वर्षं अर्जच केला नाही.

मी म्हटलं, "पुस्तक मिट आधी. तुला हव्या असलेल्या चार विद्यापीठांची पानं उघड." दोघींनी स्क्रीनवर एकेक अट वाचली. आयसीयूचा किमान एक वर्षाचा अनुभव, तो तर होताच. केमिस्ट्री होती, एका ठिकाणी फिजिक्स होतं. तिघांना स्टॅटिस्टिक्स हवं होतं, एकाला त्याबरोबर अल्जेब्राही. कॅल्क्युलस कुठेच नव्हतं. सहसा नसतंच. स्टॅटिस्टिक्सचं कारण सरळ आहे. २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना थेट डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमालाच प्रवेश मिळतो, निदान तीन वर्षांचा, आणि त्यात शोधनिबंध वाचायचे असतात.

"पण स्टॅटिस्टिक्स मला होतं की!" ती म्हणाली. गुणपत्रिकेवर होतंही, पण 'नर्सिंग रिसर्च अँड स्टॅटिस्टिक्स' असा एकच जोडपेपर. तो स्वतंत्र विषय म्हणून धरतील का, हे मी किंवा तिच्या मैत्रिणींनी ठरवून चालत नाही. प्रवेश विभागालाच ईमेल करायचा, सोबत जुना सिलॅबस जोडायचा. तिनं केला. दोघांनी नाही म्हटलं. शिवाय विषय ठरावीक वर्षांच्या आतला हवा, अशी अट काही ठिकाणी असतेच.

एवढ्यावर मी पूर्वी थांबायचे. "साधं गणित आहे गं, घाबरू नकोस," म्हणून फोन ठेवायचे. आता तसं करत नाही.

तिला रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा हिशेब विचारला, "नॉरएपिनेफ्रिन ४ मिलिग्रॅम, २५० मिलीत. पेशंट ७० किलोचा, ०.१ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट. पंप तासाला किती मिलीवर?" पेन न उचलता बोलायला लागली: "चार हजार भागिले अडीचशे, मिलीत १६ मायक्रो. मिनिटाला ७ लागतात, तासाला ४२०... साधारण २६ मिली." म्हटलं, हे अल्जेब्राच आहे, फक्त तू त्याला 'क्ष' म्हणत नाहीस. खुलली.

मग दुसरं दिलं, जागा बधिर करणाऱ्या औषधाचं. "लिडोकेन २ टक्के, ॲड्रिनॅलिन नसलेलं. ६० किलोचा पेशंट, किलोला जास्तीत जास्त ४.५ मिलिग्रॅम. किती मिली?"

"२७० मिलिग्रॅम. दोन टक्के म्हणजे मिलीत २... म्हणजे १३५ मिली." आणि लगेच थबकली. "एवढं कोण देतं?"

कुणीच देत नाही. दोन टक्के म्हणजे १०० मिलीत २ ग्रॅम, म्हणजे मिलीत २० मिलिग्रॅम. उत्तर १३.५ मिली. चूक दहापटीची, पण तिच्या हाताला ती तिच्या गणिताच्या आधी कळली, हे मला फार आवडलं. आयसीयूत स्मार्ट पंप बहुतेक हिशेब करून देतो, म्हणून हा कच्चा दुवा सहा वर्षांत कधी दिसलाच नव्हता. ऑपरेशन थिएटरात मात्र पुष्कळ सिरिंजा स्वतःच भरायच्या असतात.

मग ठरलं ते एवढंच. कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचं स्टॅटिस्टिक्स, त्या सेमिस्टरला नाइट ड्यूटी कमी. अल्जेब्रा मागणारं विद्यापीठ या वर्षापुरतं बाजूला. आणि रोज चहाच्या वेळी टक्के नि गुणोत्तराची पाच गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय. कॅल्क्युलसचं पुस्तक तिनं अर्ध्या किमतीत विकलं.

नोव्हेंबरात स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या चाचणीत ७१ मिळाले म्हणून रडवेली झाली होती. शिकवणाऱ्या सरांच्या ऑफिस अवर्सना जा म्हटलं, तर "तिथं जायला लाज वाटते." शेवटी गेली. अर्ज अजून भरायचेत.

परवा रात्री फोटो आला. कागदी नॅपकिनवर लिहिलेलं: ॲड्रिनॅलिन १ : २,००,००० म्हणजे १ ग्रॅम २ लाख मिलीत, म्हणजे मिलीत ५ मायक्रो. खाली मेसेज: "ताई, बरोबर ना? ब्रेक संपतोय, लवकर सांगा."