वाचकांचे प्रश्न : सुट्टीचा प्रवास, हलका कॅमेरा आणि घरची माणसे

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पत्नी, दोन मुले (वय ६ आणि ११) आणि माझी ७२ वर्षांची आई यांच्यासह हंपीला जाण्याचा बेत आहे. माझ्याकडे फुल-फ्रेम डीएसएलआर असून २४–७० आणि ७०–२०० हे दोन झूम, एक जुनी ५० मिमी लेन्स आणि ट्रायपॉड आहे. हंपीसारख्या ठिकाणी काहीही घरी ठेवून जायचे जिवावर येते. काय न्यावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स, एवढेच न्या. बाकीचे घरी ठेवा.

तुमच्या यादीचे वजन एकदा प्रत्यक्ष करून पाहा. अशा कॅमेऱ्याची बॉडी साधारण पाऊण किलोची असते, एफ/२.८ चा (एफचा आकडा लेन्समध्ये उजेड घेणाऱ्या छिद्राचे माप सांगतो; आकडा लहान तेवढे छिद्र मोठे) २४–७० पाऊण ते एक किलोचा आणि त्याच छिद्राचा ७०–२०० दीड किलोच्या आसपास असतो. त्यात ट्रायपॉड, चार्जर आणि पिशवी धरली की पाच किलोंचा आकडा सहज गाठला जातो. ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स मात्र बहुतेक कंपन्यांची दोनशे ग्रॅमच्या आतबाहेरच असते. हंपीत विठ्ठल मंदिराच्या बऱ्याच अलीकडे गाड्या थांबवतात आणि पुढे बॅटरीवर चालणाऱ्या गाडीने किंवा पायी जावे लागते. मंदिरांच्या पायऱ्या उंच आहेत आणि दगडी फरसबंदी खडबडीत आहे. तेथे तुमचा एक हात आईसाठी आणि दुसरा धाकट्यासाठी मोकळा असायला हवा. खांद्यावर पाच किलो आणि हातात लेन्सची टोपणे असतील, तर हे दोन्ही हात तुमच्यापाशी उरणार नाहीत.

हलके सामान म्हणजे तडजोड, ही समजूत कृपया सोडून द्या. लायका या जर्मन कॅमेऱ्याचा जनक ऑस्कर बार्नाक याला दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटा वापरणारा अवजड कॅमेरा भटकंतीत वाहून नेणे त्याला झेपत नव्हते; म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा घडवला, जो १९२५ मध्ये बाजारात आला. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचे बहुतेक काम अशाच छोट्या कॅमेऱ्यावर आणि ५० मिमीच्या लेन्सवर केले. १९४८ साली गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्यांनी टिपलेली छायाचित्रेही त्याच वाटेची आहेत. हाती मोजकेच असले की माणूस स्वतः दोन पावले पुढेमागे होतो आणि त्या दोन पावलांतच चित्राची रचना सुधारते.

५० मिमीमध्ये विस्तीर्ण दृश्य मावणार नाही, ही तुमची शंका योग्य आहे. पण खिशातल्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सइतके रुंद दृश्य टिपतो, त्यामुळे मातंग टेकडीवरून दिसणारी खडकांची रास किंवा हत्तीखान्याच्या अकरा घुमटांची रांग त्याच्यावर सोपवा आणि माणसांसाठी कॅमेरा ठेवा. ही वाटणी घरातूनच ठरवून निघालात, तर तेथे लेन्स बदलण्याचा विचारही मनात येणार नाही. निघण्यापूर्वीच्या रविवारी हीच एक लेन्स लावून घरात आणि बाजारात हिंडा, म्हणजे किती अंतरावरून किती दिसते हे डोळ्यांत बसेल. छिद्र एफ/४ ठेवा, कारण एफ/१.८ वर आजीचा चेहरा स्पष्ट आणि मांडीवरच्या नातवाचा पुसट येण्याची शक्यता फार असते. शटरचा वेग किमान १/२५० सेकंद ठेवा, मुले धावत असतील तर १/५००, आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील असावा ते माप) कॅमेऱ्यावर सोपवा. थोडा रवाळपणा आला तरी चालेल, हललेला चेहरा मात्र कशानेही दुरुस्त होत नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तसेही स्वतंत्र परवानगी लागते.

वेळेबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. सूर्योदय एकट्याने पाहा. मातंगची चढण आईला झेपणारी नाही आणि मुलांना पहाटे उठवून तेथे नेणे म्हणजे दिवसभराची कुरकुर ओढवून घेणे आहे. घरच्यांना आदल्या रात्री सांगून निघा आणि नाश्त्याच्या ठरलेल्या वेळेला परत या. संध्याकाळी विरूपाक्ष मंदिरालगतच्या हेमकूट टेकडीवर सगळ्यांना न्या; ती चढायला सोपी आहे. दुपारच्या कडक उन्हात बाहेर छायाचित्रे घेण्याचा हट्ट नको, पण मंडपाच्या आत, सावलीच्या कडेपासून हात-दोन हात मागे कोणाला बसवले, तर बाहेरच्या तापलेल्या फरशीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर खालून मऊ पसरतो. वयस्कर चेहऱ्यासाठी मला याहून चांगला उजेड ठाऊक नाही.

आणि दोन गोष्टी कॅमेऱ्यासाठी नव्हेत, मुलांसाठी. विरूपाक्ष मंदिरात गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. भिंतीतल्या लहानशा छिद्रातून आलेल्या उजेडाने मंदिराच्या गोपुराची उलटी प्रतिमा तेथे समोरच्या भिंतीवर उमटते. भिंग नाही, फिल्म नाही, आणि तरीही तो कॅमेराच आहे. अकरा वर्षांच्या मुलाला तुमचा कॅमेरा कसा चालतो हे समजावण्यासाठी जगात याहून योग्य जागा क्वचितच सापडेल. दुसरी गोष्ट तुमच्या आईकडे आहे. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली होती आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही आपल्याकडची परंपरागत कथा त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असेल. विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. पन्नासच्या नोटेवर छापलेला दगडी रथ पाहून झाला की त्या गाभाऱ्याजवळ बसून आजींना ती कथा नातवंडांना सांगू द्या. एखादे छायाचित्र अवश्य घ्या, पण कथा सुरू होण्यापूर्वी घ्या आणि मग तुम्हीही ऐकायला बसा.

प्रश्न : माझ्या यजमानांना छायाचित्रणाचा मनापासून छंद आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण प्रत्येक सुट्टीत आम्ही पुढे जाऊन थांबतो आणि ते मागे राहिलेले असतात. "पुन्हा एकदा उभे राहा" हे ऐकून मुले आता कॅमेरा दिसला की तोंड फिरवतात. शिवाय आमच्या कोणत्याही अल्बममध्ये यजमान स्वतः नाहीत. त्यांना न दुखवता हे कसे सांगावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचे पत्र मला या सदरातले सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण कॅमेऱ्याचे वजन फक्त तो धरणाऱ्याच्या खांद्यावर असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा थांबणाऱ्यांनी उचललेला असतो. लेन्स बदलायला लागणारी मिनिटे, ट्रायपॉड उभा करण्याचा वेळ, चित्र जमले नाही म्हणून पुन्हा परत जाणे, या सगळ्याची किंमत उन्हात उभी असलेली मुले आणि जेवणाची वेळ टळलेली वडीलधारी माणसे देत असतात. हे यजमानांना याच शब्दांत सांगा. छंदाविषयी तक्रार करू नका, वेळेची मागणी करा. "सकाळचा एक तास पूर्णपणे तुमचा, आम्ही काही विचारणार नाही, त्यानंतर चालताना आमच्याबरोबर चाला" असे सुचवले, तर ज्याचे छायाचित्रणावर खरे प्रेम आहे तो माणूस आनंदाने होकार देईल, कारण तो तास त्यालाही अपराधी न वाटता मिळेल. त्या तासानंतर मोठा कॅमेरा खोलीवर राहावा आणि बरोबर फोन किंवा खिशात मावणारा लहान कॅमेरा असावा.

मुलांच्या बाबतीत एक नियम उपयोगी पडतो. सगळ्यांचे एकत्र छायाचित्र दिवसातून एकदाच, तेही सकाळी, कपडे स्वच्छ आणि पोटे भरलेली असताना घ्यावे आणि ते जमले नाही तरी पुन्हा उभे करू नये. उरलेल्या वेळी मुले कशात तरी गुंतलेली असताना टिपावीत : रेल्वेच्या खिडकीला नाक लावलेली, शिंपले मोजणारी, आजोबांच्या चपलांत पाय घातलेली. "हसा" म्हणून आणलेले हसू दहा वर्षांनी सगळ्या अल्बमांत सारखेच दिसते. मुलाने "आत्ता नको" म्हटले, तर कॅमेरा खाली घ्यावा. त्याचा नकार एकदा मानला गेला की पुढच्या वेळी तो आपण होऊन समोर येतो.

यजमान चित्रांत नाहीत, यावर उपाय तुमच्या आणि मुलांच्या हातात आहे. छिद्र आणि शटर कॅमेरा स्वतः ठरवतो त्या प्रोग्रॅम मोडवर कॅमेरा ठेवून रोज थोडा वेळ मुलांकडे द्या. मुलांच्या उंचीवरून जग वेगळे दिसते, आणि मूल आपल्या वडिलांकडे पाहत टिपते तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही व्यावसायिक छायाचित्रकाराला मिळणार नाही. क्षितिज तिरके आले, कोणाचे डोके कापले गेले, तरी ती चित्रे पुसू देऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही पाहत नाही, नुसते साठवता." छायाचित्रे काढल्याने प्रसंग कमी लक्षात राहतो, यात तथ्य आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काही प्रमाणात आहे, पण पूर्ण चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संग्रहालयातून फिरवले आणि काही वस्तू नुसत्या पाहायला, तर काहींचे छायाचित्र घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारले असता, छायाचित्र घेतलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे लोकांना तुलनेने कमी आठवले. मात्र जेथे एखाद्या भागावर झूम करून चित्र घेतले होते तेथे हा तोटा दिसला नाही. म्हणजे निवड करताना लक्ष गुंतले की स्मृती टिकते. पुढे २०१७ मध्ये संशोधक बाराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की काय टिपायचे हे लोकांनी स्वतः ठरवले तेव्हा पाहिलेले अधिक लक्षात राहिले, पण कानांवर पडलेले कमी.

प्रवासासाठी मला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. कॅमेरा डोळ्यांशी असतो तेव्हा कान बंद होतात आणि घरच्या माणसांसोबतच्या सुट्टीत जे घडते त्यातले पुष्कळसे बोलण्यातच घडते. मुलगी चालता चालता सांगत असलेली मैत्रिणीची गोष्ट, जेवणानंतर वडिलांनी सहज काढलेली एखादी आठवण, हे कोणत्याच चित्रात येत नाही. म्हणून कोणी बोलत असेल तेव्हा कॅमेरा बंद, हे पथ्य पाळा. आवाज जपायचाच असेल, तर फोनवर अर्धा-एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण, सांगून आणि विचारून करा. मुलीचे म्हणणे तिच्यासमोरच मान्य करा आणि पुढच्या प्रवासात काय टिपावे हे एखाद्या दिवशी तिला ठरवू द्या.

प्रश्न : आम्ही दुबईला असतो. मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या घरी सगळी भावंडे जमतात. बरोबर केवळ फोन आहे. तो पुरेल का, की कॅमेरा घ्यावा?
— एक वाचक

उत्तर : पुरेल. ४ × ६ इंचांच्या उत्तम छापील प्रतीसाठी १२०० × १८०० पिक्सेल, म्हणजे साधारण २२ लाख पिक्सेल लागतात. कोणताही अलीकडचा फोन त्याच्या कितीतरी पट देतो. पडद्यावर चिमटीने झूम करू नका, जवळ जा. खिशातल्या घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने भिंग सतत धुरकट होते, ते मऊ सुती कापडाने पुसत राहा. थंडगार खोलीतून कोकणातल्या दमट हवेत आल्यावर भिंगावर बाष्प धरते. फोन कापडात किंवा पिशवीत ठेवून थोडा वेळ जाऊ द्या. माजघरातल्या अंधारात फ्लॅश मारण्यापेक्षा माणसाला पडवीत आणा किंवा खिडकीशी बसवा. कॅमेऱ्याचे पैसे वाचतील, त्यांत आणखी दोन दिवस राहता आले तर राहा.

प्रश्न : प्रत्येक प्रवासाहून हजारभर चित्रे येतात आणि तशीच पडून राहतात. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निवड घरी परतल्यावर होत नाही, ती प्रवासातच करावी. रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून त्या दिवसाची चित्रे पाहावीत, नकोत ती पुसावीत आणि प्रत्येकाने आपल्याला आवडलेली एक-दोन राखावीत. वडीलधाऱ्यांना या बैठकीत विशेष रस असतो. संपूर्ण प्रवासासाठी ३६ ही मर्यादा मला योग्य वाटते. जुन्या फिल्मच्या रोलमध्ये साधारण तेवढीच चित्रे असत आणि तेवढ्यांत लग्ने आणि बारशी व्यवस्थित सामावली आहेत. ती ३६ कागदावर छापून घ्या, मागच्या बाजूला न पसरणाऱ्या शाईच्या पेनाने नावे, गाव आणि वर्ष लिहा, शाई पूर्ण वाळल्यावरच अल्बममध्ये लावा. मूळ फायलींच्या दोन प्रती ठेवा, त्यांतली एक तुमच्या घराबाहेर, भावाकडे किंवा बहिणीकडे असू द्या.